मयेकरांची बर्फाची गाडी

आत्माराम ऊर्फ तात्या मयेकर गाडीच्या पोटात गुडघ्यांवर बसून पत्रा घासत होता. एका बाजूला चिंचेच्या पाण्याची बादली, दुसऱ्या बाजूला खायचा सोडा, आणि मध्ये लिंबाच्या सालींनी भरलेलं घमेलं. आठवड्यातली ही तिसरी वेळ. थोडं घासायचं, पाणी मारायचं, मग ओणवं होऊन नाक पत्र्याला टेकवायचं. वास होताच. बांगड्याचा म्हणावा तर बांगड्याचा नाही, सुरमईचा म्हणावा तर तिचाही नाही. चौदा वर्षांच्या सगळ्या मासळीचा मिळून एक वास झाला होता आणि तो पत्रा सोडायला तयार नव्हता.

ओटीवर त्याची बायको, दमयंतीकाकी, बसली होती, डावा हात मांडीवर उताणा ठेवून. डायलिसिससाठी त्या हातातली शीर जोडून घेतलेली. त्या हाताने ती काही उचलत नसे, काही ओढत नसे.

"घासा घासा," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "पत्रा फाटेस्तोवर घासा. वास गाडीचा नाय तो. तुमच्या अंगाचा हाय, गाडीला तुमच्यापासनं लागला."

तात्या साली बदलून परत घासायला लागला.

काकी उठली, पदर खोचला आणि देवळाकडे निघाली. तात्या बाहेर आला. सोबत येतो म्हणाला तर ती म्हणाली, तुम्ही नको, तुमचं तोंड बघून देवी गोंधळेल. मग एकटीच पायवाटेने गेली, दर वीस पावलांवर थांबत. तात्या घमेलं हातात घेऊन ती दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला.

दोन दिवसांनी, शनिवारी, ही गाडी घेऊन दोघांनी पन्हाळ्याला जायचं ठरलं होतं. पन्हाळ्याच्या पायथ्याशी एका माळावर घरगाड्यांचा मेळावा होता. ज्यांच्या गाडीतच बिछाना, गाडीतच चूल, असे लोक तीन दिवस एकत्र मुक्काम करणार होते. सगळं तयार होतं. फक्त काकी देवळातून काय घेऊन येते त्याच्यावर अडलं होतं.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर तात्याला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही. एकतीस वर्षं त्याने मासळीची गाडी मारली. संध्याकाळचा लिलाव आटपला की मासळी आणि बर्फ भरायचा, हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढायचा आणि उजाडायच्या आत कोल्हापूरचा बाजार गाठायचा. माल उतरला की परत. बर्फ थांबत नाही, म्हणून तात्या थांबत नसे. चहासुद्धा इंजिन चालू ठेवून, खिडकीतून हात काढून. नाक्यावर कोणी अडवलं तर एकच शब्द बोलायचा, बर्फ, आणि समोरचा मुकाट्याने हात खाली करायचा. एकतीस वर्षांत त्याचा माल एकदाही नासला नाही. बंदरावर हे आजही सांगतात. पण त्याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. त्या रस्त्याचं एकूण एक वळण तात्याला पाठ होतं आणि एकाही वळणाच्या पलीकडे काय आहे ते माहीत नव्हतं. जाताना काळोख, आणि येताना डोळ्यांवर झोप.

काकीने लग्नानंतर एकदा विचारलं होतं, मला न्याल काय कोल्हापूरला. तेव्हा मासळीच्या गाडीत बाईमाणूस बसवत नव्हते. तात्याने सांगितलं, नेईन कधीतरी. त्या कधीतरीला तीस वर्षं झाली, आणि मग काकीच्या किडन्या गेल्या.

मंगळवार आणि शुक्रवार डायलिसिस. दिवसाला एक लिटर पाणी, चहा धरून. मीठ जवळजवळ बंद. परसात आठ माड, पण शहाळ्याचं पाणी तिला विष. तात्याने त्याच आठवड्यात गाडी सोडली, कारण मंगळवार-शुक्रवार तिला घेऊन जायला दुसरं कोण होतं? मुलगी सानिका चिपळूणला, चष्म्याच्या दुकानात कामाला. तात्याने बाटलीवर स्केचपेनने रेघा मारल्या, सकाळची, दुपारची, संध्याकाळची. घसा सुकला की काकी बर्फाचा एक खडा चोखायची. डॉक्टरांनीच सांगितलेलं, पाणी पिण्यापेक्षा खडा बरा, कमी पाण्यात घसा जास्त वेळ ओला राहतो. जन्मभर बर्फ वाहिलेला माणूस आता घरात बर्फाचे खडे पाडत बसायचा.

गाडीची कल्पना हातखंब्याला आली. एका ओळखीच्या गाडीचे सुटे भाग घ्यायला तात्या तिथे गेला होता. गोव्याकडे जाणारी एक लांब पांढरी गाडी टपरीपाशी उभी होती. दार उघडं होतं, आत बिछाना, ओटा, खिडकीला पडदा. बिछान्यावर एक म्हातारी आरामात झोपलेली. तात्या तिथे इतका वेळ उभा राहिला की मालकाने खाली उतरून विचारलं, काय पाहिजे. काही नाही म्हणून तो परतला. पण त्याच्या डोक्यात एकच बसलं. काकीला एसटीत बसवत नाही, तासाभरात आडवं व्हावं लागतं. घरच बरोबर असलं तर तिला कुठेही नेता येईल.

ज्याची मासळी तो वाहायचा तो शेठ, तात्याने शेवटची चौदा वर्षं चालवलेली गाडी भंगारात काढायला निघाला होता. तात्याने ती मागून घेतली. वर्षभर एकटा राबला. जाड भिंतीत ग्राइंडरने दोन खिडक्या पाडल्या, फळ्यांचा बिछाना केला, शेगडी बसवली, पाण्याची टाकी चढवली. चढायची पायरी बुटकी केली आणि धरायची दांडी उजव्या बाजूला लावली, कारण डाव्या हातावर जोर चालत नाही. ज्याने त्याने येऊन बघितलं आणि जो तो हसून गेला. मयेकराने बायकोसाठी शवपेटी बनवली असंसुद्धा एकजण नाक्यावर बोलला. त्याचं नाव इथे लिहून त्याला मोठं करायचं नाही.

सानिकाने फोनवर मेळावा शोधला, नाव नोंदवलं. वाटेत बघायच्या जागांची यादी कागदावर लिहून गाडीत स्टेअरिंगसमोर चिकटवली. पालीचं लक्ष्मीपल्लीनाथाचं देऊळ. साखरप्याची नदी. आंबा घाटातला पॉइंट. आंब्याची देवराई. चार जागा, चार चौकोन, बघून झालं की खूण करायची. डॉक्टर म्हणाले, शुक्रवारचं डायलिसिस करून निघा, मंगळवारी सकाळी आठला मशीनवर पाहिजे, पाणी सांभाळा. म्हणजे शनिवार, रविवार, सोमवार. तीन दिवस.

राहिला कौल. वाडीवरच्या नवलाई देवीच्या मूर्तीवर गुरव ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडे आणि डावीकडे, आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर देवीचा होकार. डावी पडली तर नाही. काकी कौलाशिवाय पाऊल उचलत नसे. विहीर खणली ती कौल घेऊन. सानिकाचं लग्न कौल घेऊन. डॉक्टर ओरडत होते, आजच मशीनवर घ्या, तर गुरव परगावी गेला म्हणून ही दोन दिवस सुजलेली बसून राहिली, आणि उजवा मिळाला तेव्हाच हात पुढे केला. एकदा तात्याला दुबईला ड्रायव्हरची नोकरी चालून आली होती. कौल डावा आला. काकी म्हणाली, नाय जायचं. तात्या गेला नाही. पासपोर्ट अजून ट्रंकेत पडलाय.

म्हणून त्या सकाळी तात्या दर थोड्या वेळाने पायवाटेकडे बघत होता. डावा आला तर ती गाडीत पाय ठेवणार नाही. समजावून उपयोग नाही, रागावून नाही, सानिकाने चिपळूणहून येऊन रडून नाही. वर्षभराचं काम परसात सडणार. गाडीचं जाऊ दे, पुढच्या जानेवारीत काकीच्या अंगात घाट चढायची ताकद असेल की नाही हे डॉक्टरही सांगत नव्हते.

ती तासाभराने आली. सावकाश. पानात गुंडाळलेलं लाल जास्वंदीचं फूल हातात. ओटीच्या पायरीवर टेकली, दम घेतला. तात्या समोर उभा.

"दिलान काय?"

"उजवा दिलान," काकी म्हणाली. "हे घ्या. गाडीला लावा."

तात्याने फूल आरशाला दोऱ्याने बांधलं. मग गाडीच्या मागे, जिथून ओटी दिसत नाही तिथे जाऊन, बराच वेळ टायरवर हात ठेवून उभा राहिला. परत आला आणि चौथ्यांदा पत्रा घासायला घेतला.

शनिवारी सकाळी सातला निघाले. सानिका आदल्या संध्याकाळीच आली होती. तिने नारळ फोडला, औषधांची पिशवी तीनदा तपासली, बर्फाच्या खड्यांनी भरलेली थर्माकोलची पेटी बिछान्याखाली सरकवली. तीच पेटी, मासळीची. काकी पुढे तात्याच्या बाजूला बसली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याच्या गाडीत ती पहिल्यांदा बसत होती. साडी नवी, पायात मोजे, मांडीवर बाटली.

हातखंबा मागे पडला. पाली आली. रस्ता रुंद करायला डोंगर कापलेला, लाल माती उघडी पडलेली. देवळाकडे वळायची पाटी आली आणि गेली. काकीने कागदावर बोट ठेवलं. "हे राहिलं."

"येताना," तात्या म्हणाला.

साखरप्याला नदी पुलाखालून गेली. काकीने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. तात्या परत म्हणाला, येताना. घाट चढला. घाटमाथ्यावर चार गाड्या उभ्या होत्या, लोक कठड्याला टेकून फोटो काढत होते. तात्याने हॉर्न दिला आणि पुढे काढली. देवराईच्या वेळी काकीने बोट ठेवलंच नाही.

त्याला थांबायचं नव्हतं असं नाही. वर्षभर तो याच चार जागांसाठी राबला होता. पण पाय ब्रेकवर जात नव्हता. गाडी तीच, रस्ता तोच, आणि पोटात तेच जुनं, मागे काहीतरी वितळतंय, चल. पाटी दिसायची, थांबू म्हणेपर्यंत ती आरशात असायची. अशा माणसाला बाहेरून बघणारा हट्टी म्हणेल. त्याचा पाय एकतीस वर्षांनी घडवलेला होता, एवढंच.

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या माळावर ते अकराच्या आत पोचले. नावनोंदणी चारला होती. माळावर चिटपाखरू नाही. मेळावा भरवणारा ओमकार म्हणून कोल्हापूरचा एक पोरगेला माणूस बॅनरचे बांबू ठोकत होता. तो हातातला हातोडा तसाच धरून बघत राहिला.

"काका, लईच लवकर आलासा की."

तात्या स्टेअरिंगवर हात ठेवून बसला होता. कागदावर चार चौकोन रिकामे. काकी खाली बघत होती. मग म्हणाली, "पोचली. मासळी ताजी पोचली."

तात्याला हसू आलं नाही. तिलाही नाही.

दुपारनंतर गाड्या यायला लागल्या. पुण्याच्या, मुंबईच्या, एक थेट बेंगळुरूची. पांढऱ्याशुभ्र, बाजूने कापडी छत काढता येणाऱ्या, आत फ्रिज, टीव्ही, मांजरसुद्धा. मयेकरांच्या गाडीला मागे निळा रंग मारला होता, पण उन्हात त्याखालची 'ताजी मासळी' ही अक्षरं उमटून दिसत. लोक येऊन कौतुक करून गेले. तासाभराने वारा फिरला. मग शेजारच्या बाईंनी ओमकारला बाजूला घेतलं, ओमकार मान खाली घालून तात्याकडे आला, आणि त्याने तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाला, कुठे लावू सांगा. गाडी माळाच्या टोकाला गेली, एका वडाखाली. काकीला सांगितलं, सावली बघून हलवली. काकी म्हणाली, बरं केलंत. मेळाव्यातला एक कुत्रा मात्र त्यांच्यामागून आला आणि ते निघेपर्यंत गाडीखालून हलला नाही.

रविवारी ऊन चढलं तसं एक झालं. त्या भारी गाड्या आतून तापल्या. मयेकरांची गाडी बर्फासाठी बांधलेली, भिंती चार बोटं जाड. आत गारवा. आधी एक पोर आलं, मग पाच-सहा. काकी बिछान्यावर आडवी आणि पोरं खाली पत्र्यावर बसून तिला विचारत होती की पापलेटला डोळे किती. एका बाजूलाच दोन की दोन बाजूंना दोन. काकीने त्यांना दीड तास त्यावरच झुलवत ठेवलं. शेजारच्या त्या बाई मुलाला शोधत आल्या, दारात थांबल्या, आणि जाताना भडंगाची वाटी ठेवून गेल्या. तात्या तेव्हा पाणी भरायला गेला होता.

संध्याकाळी सगळ्यांना गोल बसवलं आणि माइक फिरवला. ज्याने त्याने आपण कुठे कुठे फिरलो ते सांगायचं. कोणी लडाख, कोणी कन्याकुमारी, कोणी नेपाळ. तात्याने माइक दोन्ही हातांनी धरला.

"मी आत्माराम मयेकर, रत्नागिरी. एकतीस वर्षं मासळीची गाडी मारली, ह्याच रस्त्यानं. कुठं फिरलो म्हणाल तर कुठंच नाय. काल येतानासुद्धा चार जागा बघायच्या होत्या. चारही सोडून आलो. थांबायची सवय नाय. परत जाताना थांबनार."

काही जण हसले. त्यांना वाटलं, काका गंमत करतायत. मग लक्षात आलं आणि हसू तिथेच राहिलं. तात्याने माइक पुढच्याला दिला, खुर्चीत बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. काकी त्याच्याकडे बघत नव्हती. ती ओठ घट्ट मिटून समोर बघत होती.

सोमवारी सकाळी तात्याने बाटल्या बघितल्या. रविवारची रिकामी होती आणि सोमवारची उजाडतानाच अर्धी. वाटीत भडंगाचा एक दाणा उरला नव्हता. दोन वर्षं मिठाला तरसलेलं माणूस, कोणी आणून समोर ठेवलं तर खाणारच. मीठ पोटात गेलं, मीठ पाणी मागतं. तात्या रागावला नाही. त्याने नुसतं तिच्या पायांकडे बघितलं. चप्पल चढत नव्हती.

नऊला निघाले. मलकापूर येईपर्यंत काकीला बोलताना धाप लागायला लागली. तात्याने गाडी चालवता चालवताच दवाखान्यात फोन लावला. मंगळवारपर्यंत थांबू नका, आजच आणा, सरळ इकडेच या, असं तिथल्या सिस्टरने सांगितलं. फोन ठेवला आणि तात्याचा पाय खाली गेला. आता तो सगळ्यात ओळखीचा तात्या होता. मान किंचित पुढे, डोळे रस्त्यावर, गिअर कधी बदलला ते कळायचं नाही. देवराई आली, गेली.

घाटमाथा दिसायला लागला तशी काकी म्हणाली, "थांबवा."

"दवाखान्यात बोलवलंय. आता कुठं थांबायचं नाय."

"थांबवा म्हणते ना."

"अगो, पाय बघ तुझे."

"बघितले पाय. आता डोंगर बघू दे."

तात्याने ऐकलं नाही. एक वळण गेलं. काकीने उजव्या हाताने त्याच्या दंडाला धरलं. रोज गोळ्या गिळून गिळून बारीक झालेला हात, पण पकड चांगली बसली.

"मी काय मासळी हाय काय वो?" ती म्हणाली. "जरा गाडी उभी केलीत म्हणून कुजत नाय मी."

ब्रेक लागला. मागच्याने हॉर्न मारला, शिवी दिली आणि पुढे गेला. तात्याने गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

त्या घाटात इंजिन बंद असताना कसा आवाज असतो हे त्याला माहीतच नव्हतं. वारा होता. खाली कुठेतरी माकडं ओरडत होती. काकी उजव्या दांडीला धरून उतरली आणि दोघं कठड्यावर बसली. समोर सगळं कोकण खाली पसरलं होतं. डोंगरामागे डोंगर, मध्ये रस्त्याचा करडा धागा, कुठे दिसतोय, कुठे झाडीत बुडालाय. तात्या बोट करून सांगायला लागला. ते वळण, तिथे टायर फुटला होता. तो साखरपा. त्याच्या पलीकडे नाणीज. पाली दिसत नाही, डोंगराआड.

"आणि घर?"

तात्याने बोट वर केलं. आभाळ जिथे पांढुरकं झालं होतं तिकडे. तिथे समुद्र असणार.

काकी तिकडे बघत, दोन शब्दांमध्ये श्वास घेत म्हणाली, "साडेबाराला तुम्ही घाट चढायचात. रोज. मी तेव्हा उठायची. घोटभर पाणी प्यायची, आता वर पोचले असतील म्हणायची, मग परत पडायची."

एकतीस वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती. तो उठून गाडीत गेला, पेटीच्या तळाशी उरलेले बर्फाचे दोन खडे आणले. एक तिला दिला, एक स्वतःच्या तोंडात टाकला. दोघं खडे चोखत बसली. ते विरघळले तरी बसली. तात्याने घड्याळ बघितलं नाही. पाऊण तासाने काकीच म्हणाली, चला आता, नायतर ती सिस्टर मला खाईल.

कागदावर तिसऱ्या चौकोनात तिने स्वतः खूण केली.

दुपारी तीनच्या आत ती मशीनवर होती. सिस्टर ओरडली, डॉक्टर ओरडले, तात्याने सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. चार तासांत पाणी काढलं, धाप गेली, पाय उतरले. त्यानंतर तात्याने तिला दोनदा बाहेर नेलं. एकदा पालीच्या देवळात, एकदा साखरप्याला नदीवर. दोन्ही वेळा थांबला. देवराई राहिली.

नवरात्राच्या चौथ्या माळेला पहाटे काकी झोपेतच गेली. मशीनचा वार नव्हता, पावसाळाही सरला होता, आदल्या दिवशी ती चांगली बोलत होती. लोकांना बोलायला काय लागतं? बाराव्याच्या पंगतीत कुजबुज चालली होती, असल्या दुखण्यात बाईला डोंगरावर नेली, गाडीची हौस भागवली. तात्याच्या कानावर गेलं. तो कोणावर धावून गेला नाही. ज्याने विचारलं त्याला एवढंच म्हणाला, देवीचा उजवा होता. हे सांगताना त्याचा आवाज हलत नसे. त्या शब्दांवर तो वर्षभर उभा राहिला असं म्हटलं तरी चालेल. सानिकाने चिपळूणला चला म्हटलं, तो गेला नाही. दुपारचा गाडीत जाऊन झोपतो, काकीच्या बिछान्यावर नाही, खाली पत्र्यावर. वास अजून आहे. आरशाला ते फूल आहे, वाळून काळं पडलेलं, हात लावला तर चुरा होईल असं.

वर्षश्राद्धाला विठू गुरव जेवायला आला होता. तात्या आत पानं मांडत होता. गुरव हात धुवून गाडीपाशी गेला, काचेतून ते फूल बघितलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या सानिकाला हळू आवाजात म्हणाला की आता सांगायला हरकत नाही, पण तात्याला कळू देऊ नकोस. त्या सकाळी कौल डावा आला होता. काकीने परत लावायला सांगितला. डावा. तिसऱ्यांदा लावला, डावा. मग ती बाई देवीसमोर सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "तू नको म्हणालीस ते मी ऐकलं. आता माझं ऐक. ह्यांना सांगू नको." देवीच्या अंगावरचं काही तिने नेलं नाही. जाताना गुरवाच्या कुंपणावरचं जास्वंदीचं एक फूल तोडलं आणि पानात गुंडाळलं.